दोन खड्डे आणि त्यातले न दिसणारे कामकरी

दुपारची भांडी आवरली असतील. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी गोधडीला टाके घालत असेल. हाताला काम असू द्या, कान तेवढा इकडे द्या. विषय नाक मुरडायला लावणारा आहे, पण जेवणं झालीत ना सगळ्यांची? मग हरकत नाही. मी आज संडासाच्या खड्ड्याबद्दल बोलणार आहे. त्यातही जास्त बोलायचंय ते त्या खड्ड्यात राहून आपली घाण खाऊन टाकणाऱ्या जीवाणूंबद्दल.

आमच्या घरी संडास झाला २०१६ साली. सरकारचे १२,००० रुपये आणि वर आमचे थोडे. साडेतीन फूट रुंद आणि चार फूट खोल असे दोन खड्डे, वर फरशीची झाकणं. गवंडी म्हणाला, "वहिनी, आता वीस वर्षं बघायला नको." मी विचारलं, "दोन खड्डे कशाला?" तर म्हणाला, "स्कीममध्ये तसंच आहे." झालं. ना त्याला माहीत, ना मला.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातल्या बायकांचं एक शिबिर झालं. तिथे शिकवायला आलेल्या ताईंनी सांगितलं, दोन खड्डे एकदम वापरायचेच नसतात. एक चालू, एक बंद. भांड्याच्या मागे जो छोटा चेंबर असतो, त्यातून दोन नळ्या दोन खड्ड्यांकडे जातात. त्यातल्या एका नळीचं तोंड वीट आणि चिखल लावून बंद ठेवायचं. मी घरी आले आणि पहिलं काम म्हणजे चेंबरचं झाकण उचललं. दोन्ही तोंडं उघडी! तीन वर्षं घाण दोन्हीकडे वाटून जात होती. दोन्ही खड्डे अर्धे-अर्धे भरलेले. गावात आम्ही मग चौदा घरचे चेंबर उघडून पाहिले, नऊ ठिकाणी हीच गत होती. एवढ्याशा विटेचं काम, पण ते चुकलं तर दोन खड्ड्यांचा सगळा अर्थच जातो. का जातो, ते समजायला आधी खड्ड्यात काय चालतं ते बघू.

उकिरडा तुम्ही पाहिलाय. थंडीच्या दिवसात सकाळी उकिरडा उकरला की वाफ निघते. ती ऊब कुठून येते? शेण, पालापाचोळा, उष्टं-खरकटं हे सगळं खाणारे कोट्यवधी जीवाणू आणि बुरशी तिथे काम करत असतात, त्यांच्या कामाची ती ऊब. वर्षाने तिथे शेण सापडत नाही, शेणखत सापडतं. गोबरगॅसच्या टाकीत दुसऱ्या जातीचे जीवाणू असतात, त्यांना हवा अजिबात चालत नाही. ते शेण खातात आणि जळणारा वायू सोडतात. ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांना ठाऊक आहे, त्यात साबणाचं किंवा फिनेलचं पाणी गेलं की गॅस बसतो. यंत्र बिघडलेलं नसतं. आतले कामकरी मेलेले असतात.

संडासाच्या खड्ड्यात हेच चालतं. आणि तिथे विरजण लावावं लागत नाही, ते आपणच रोज घालतो. माणसाच्या विष्ठेत तीन हिस्से पाणीच असतं. उरलेल्या कोरड्या भागातला मोठा वाटा आपल्या आतड्यातून आलेल्या जीवाणूंचा असतो. त्यांना मातीतले जीवाणू येऊन मिळतात. खड्ड्याच्या भिंतीत विटांमध्ये ज्या खिडक्या सोडलेल्या असतात, त्या गवंड्याने विटा वाचवायला सोडलेल्या नसतात बरं. तिथून पाणी मातीत मुरतं, वायूही मातीत शिरतो. म्हणून या खड्ड्याला उंच पाइप लावावा लागत नाही. तळाला सिमेंटचा कोबाही करायचा नसतो, तळ मातीचाच हवा.

आता एक हिशेब करा. एका माणसाचं दिवसाला पाव किलो धरलं, तरी वर्षाला नव्वद किलोच्या वर जातं. पण खड्डा किती मोठा खणायचा हे ठरवताना माणशी वर्षाला सुमारे ४५ लिटर एवढीच जागा धरतात. बाकीचं कुठे गेलं? पाणी मुरलं, आणि बरंच जीवाणूंनी खाल्लं. आमचं सहा माणसांचं घर. वर्षाला पावणेतीनशे लिटरच्या आसपास, म्हणजे पाणी साठवायच्या मोठ्या निळ्या ड्रमपेक्षा थोडं जास्त. "एवढ्याशा खड्ड्यात काय होणार, महिन्यात भरेल" असं म्हणून जे लोक पंधरा फूट खोल विहिरीसारखा खड्डा खणतात, त्यांनी हा हिशेब ऐकावा. जास्त खोल गेलं की घाण थेट भूजलाला भिडते. दोन घरं सोडून ज्यांचा हापसा आहे, त्यांच्या घागरीत मग काय येत असेल?

तर वीट का महत्त्वाची? जीवाणू घाण खातात हे खरं, पण सगळं एका दिवसात होत नाही. सोपं असतं ते आधी खातात, चिवट राहतं ते सावकाश. आणि त्या घाणीत रोगाचे जंतूही असतात. कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांचे. त्यांना माणसाचं ऊबदार पोट लागतं. बाहेर खड्ड्यात त्यांना खायला पुरत नाही, मातीतले जीवाणू त्यांच्यावर भारी पडतात, ओल कमी झाली की ते तगत नाहीत. पोटातल्या जंतांची अंडी मात्र फार चिवट. ती महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून भरलेला खड्डा बंद करून निदान एक वर्ष, आणि दीड-दोन वर्षं ठेवला तर उत्तमच, अगदी हात न लावता ठेवायचा. त्यात रोज ताजी घाण पडत राहिली, तर ही मुदत कधी पुरी होणारच नाही. दही लागत असताना दर तासाला त्यात नवीन दूध ओतलं तर काय होईल? आमच्या दोन्ही खड्ड्यांत तीन वर्षं तेच चाललं होतं.

मी त्याच संध्याकाळी पहिल्या खड्ड्याकडचं तोंड बंद केलं. झाकणावर गेरूने तारीख लिहिली. पावसाने ती पुसली, मग ऑइलपेंटने लिहिली.

दोन वर्षांनी, २०२१ च्या मे महिन्यात दुसरा खड्डा भरला. पाणी तुंबायला लागलं. आता पहिला रिकामा करायला हवा. आणि इथे घरात वादाला तोंड फुटलं. आमच्या ह्यांचं म्हणणं, दोन्ही बुजवून मोठी सेफ्टी टाकी बांधू. सासूबाईंचं म्हणणं, वस्तीवरून कुणाला तरी बोलवा, पैसे देऊ. "कुणाला तरी" म्हणजे कुणाला, ते तुम्हालाही कळलं आणि मलाही. गावात हे काम कोणत्या घरांच्या वाट्याला घातलंय ते सांगायला नको. मी म्हटलं, "आत्या, घाण आपल्या घरची आणि हात दुसऱ्याचे का? मी उघडते." त्या म्हणाल्या, "तू उघड. पण त्या हातची भाकरी मी खायची नाही."

मैत्रिणींनो, आत्यांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. माझं माहेर तालुक्याचं गाव. तिथे मी लहान असताना टोपलीचे संडास होते. एक मावशी मागच्या बोळातून यायच्या, टोपली डोक्यावर घेऊन जायच्या. माझी आजी लांबून वरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतायची. त्यांचं नाव मला माहीत नव्हतं, आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. हे आता आठवलं की लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

आपल्या कोकणात एक मोठे माणूस होऊन गेले, अप्पासाहेब पटवर्धन. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला सफाईचं काम मला द्या असा आग्रह धरला, त्यासाठी उपास केला. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपास केला. पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि 'गोपुरी संडास' लोकांना शिकवला, ज्यात मैल्याचं खत होतं आणि कुणाच्या डोक्यावर टोपली येत नाही. आपल्या भाषेत या खताला सोनखत म्हणतात. ज्या कुणी हा शब्द काढला, त्याला मातीचं गणित कळत होतं.

बरं, तर आमचा खड्डा. मे महिन्यात काढायचा, पावसाळ्यात नाही. पावसात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. सकाळी झाकण सरकवलं आणि तासभर उघडंच ठेवलं. गटातल्या सात-आठ जणी पदर नाकाला लावून उभ्या होत्या. मी हातमोजे घातले, पायात बूट, लांब दांड्याचं फावडं घेतलं. आत बघितलं तर काय, काळपट, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखं. शेजारच्या शेवग्याची मुळं भिंतीच्या खिडक्यांतून आत आली होती. वास म्हणाल तर नांगरलेल्या मातीचा. एकेकीने पदर खाली घेतला. एकीने हातात मोजा चढवून मूठभर उचललं, फोडलं, म्हणाली, "अगं बाई, ही तर माती आहे." बावीस घमेली निघाली. आत्या ओट्यावरून बघत होत्या. बोलल्या काही नाहीत. त्या रात्री त्यांनी भाकरी स्वतः थापली, मला पण वाढली. माझ्या हातची खायला त्यांना आठवडा लागला.

तुमच्या खड्ड्यात ओलं, चिकट दिसलं किंवा वास आला, तर घाई करू नका. झाकण लावा, आणखी सहा महिने थांबा. निघालेलं खत झाडांच्या आळ्यात, मातीत मिसळून घाला. कोथिंबीर, मेथी अशा कच्च्या किंवा जमिनीलगतच्या भाजीला घालू नका. आणि हात साबणाने धुवा, हे सांगायला नकोच.

फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणात वरंगळजवळच्या गंगादेवीपल्ली गावात केंद्र सरकारच्या स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी खत हाताने बाहेर काढलं. दिल्लीचे साहेब उतरले तेव्हा फोटो आले. आमच्या गटातल्या पाच जणींनी पुढच्या वर्षी आपापले खड्डे काढले, त्याचे फोटो कुणी काढले नाहीत. असो.

सेफ्टी टाकीबद्दल मात्र मला आवाज चढवून बोलायचंय. तिचं खरं नाव सेप्टिक टाकी. आपण तिला सेफ्टी म्हणतो आणि सुरक्षित समजतो. ती चहूबाजूंनी आणि तळाने बंद असते. आत जीवाणू काम करतात, पण गाळ साठत जातो आणि वायू कोंडतो. सडक्या अंड्याचा वास येणारा एक वायू असतो. तो थोडा असला तर वास येतो, फार झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस काही श्वासांत खाली पडतो. एक माणूस आत पडला म्हणून दुसरा काढायला उतरतो, मग तिसरा, आणि एका टाकीपाशी एकाच घरातले दोघं-तिघं जातात, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. आत कुणी पडलं तर उतरू नका. दोर टाका, माणसं बोलवा, १०१ आणि १०८ ला फोन लावा, पण उतरू नका. टाकीत माणूस उतरवून साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी असेल तर गाडी बोलावून यंत्रानेच उपसायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. पण गेलेला माणूस काही परत येत नाही. आणि टाकीतून बाहेर पडणारं पाणी बहुतेक गावांत सरळ गटारात सोडलेलं असतं, ते वेगळंच.

ह्यांना मी हेच सांगितलं. दोन खड्ड्यांच्या संडासात कुणालाच ताज्या घाणीजवळ जावं लागत नाही. ते काम जीवाणूंवर सोपवलेलं आहे.

आता तुम्ही विचाराल, बाजारात जीवाणूंच्या पुड्या मिळतात, त्या टाकाव्यात का? मागच्या महिन्यात आमच्या गावात एक जण मोटारसायकलवर विकायला आला होता. साध्या शोषखड्ड्याला त्याची काही गरज नाही. पण विकत आणलेले जीवाणू कुठेच लागत नाहीत असंही नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. त्यातल्या एका जहाजातून शेकडो टन तेल समुद्रात गेलं, किनाऱ्यांवर काळा थर आला. तेव्हा दिल्लीच्या टेरी या संस्थेने तयार केलेले तेल खाणारे जीवाणू किनारा साफ करायला वापरले होते. ते जीवाणू कशावर बसवून आणतात माहीत आहे? मक्याच्या कणसातलं बुरकुंड दळून त्याची जी भुकटी होते, तिच्यावर. आपण जे बुरकुंड चुलीत घालतो, ते!

त्याच्याही आधी, १९८९ साली, अमेरिकेच्या अलास्का भागात एक मोठं तेलवाहू जहाज खडकावर आपटलं. तिथे किनाऱ्यावर खत फवारलं. खत कशाला? तेल खाणारे जीवाणू तिथल्या किनाऱ्यावर होतेच. तेल म्हणजे नुसती भाकरी, त्यांना नत्र आणि स्फुरदाचं कोरड्यास मिळालं की ते भराभर कामाला लागतात. तरी जिथे दगडांखाली हवा पोहोचली नाही, तिथे ते तेल कित्येक वर्षांनीसुद्धा सापडत राहिलं. म्हणजे जीवाणू असले तरी त्यांना लागतं ते मिळायला हवं. आपल्या खड्ड्यात तर जीवाणूही आहेत आणि त्यांचं सगळं जेवणही आहे. वेगळं काही घालायचं नाही. उलट काही गोष्टी घालायच्या नाहीत.

ॲसिड आणि फिनेल ओतायचं नाही. टीव्हीत दाखवतात तसं भांडं चकचकीत करायला बाटली उपडी केली, की खाली कामकरी मरतात. ब्रश, चमचाभर साबण आणि पाणी पुरे. पॅड टाकायचे नाहीत, कारण त्यातलं प्लॅस्टिक कुठलाच जीवाणू आपल्या हयातीत खाणार नाही. गुटख्याच्या पुड्या नाहीत. पुरुषांना हे जरा जोरात सांगा. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी या खड्ड्यात सोडायचं नाही, खड्डा पाण्याने भरतो. त्याला वेगळा शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घराघराला असे शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही घालवले. त्या खड्ड्यातल्या दगडगोट्यांवर जो बुळबुळीत थर येतो ना, तोही जीवाणूंचाच.

या भांड्याला उतार जास्त असतो, त्यामुळे दीड-दोन लिटर पाणी, म्हणजे एक मोठा तांब्या-दोन तांबे पुरतं. बादलीच्या बादली ओतू नका. आपणच ती डोक्यावरून आणतो.

खड्डा कुठे खणायचा ते बघताना विहीर, हापसा, बोअर यांपासून निदान १० मीटर, म्हणजे तेहतीस फूट लांब. खडकाला भेगा असतील तर आणखी लांब, आणि पाण्याच्या वरच्या अंगाला कधीच नाही. पावसाळ्यात तुमच्या विहिरीचं पाणी किती वर येतं ते बघा. खड्ड्याचा तळ त्याच्या निदान दोन मीटर वर राहिला पाहिजे. मराठवाड्याकडच्या, विदर्भाकडच्या मैत्रिणींनो, तुमच्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे खड्डा जरा मोठा करा आणि बाहेरून फूटभर जाडीचा वाळूचा, विटांच्या तुकड्यांचा थर द्या. आणि जिथे पाणी अगदी वरच आहे, तिथे हा संडास जमिनीच्या वर उचलून बांधावा लागतो. त्यासाठी जाणकार माणूस बोलवा. दोन खड्डे सगळीकडे चालतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणखी एक. जीवाणू घाण खातात म्हणून काहीही खातील असं समजू नका. कारखान्याच्या पाण्यातलं शिसं, पारा यांना खाऊन संपवणं कुणालाच जमत नाही. तो धातूच असतो, तो कुठल्या ना कुठल्या रूपात राहतोच. तुमच्या ओढ्याला कारखान्याचं रंगीत पाणी येत असेल आणि कुणी म्हणालं की औषध टाकलंय, आता प्या, तर आधी तपासणीचा कागद मागा.

आत्या आता थकल्यात. आमच्या खड्ड्याचं सोनखत लिंबाच्या आळ्यात घातलं होतं, त्याची लिंबं त्या लोणच्याला निवडून देतात. कशाचं खत आहे ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, त्यावर आम्ही दोघी बोलत नाही. २०२१ मध्ये बंद केलेला दुसरा खड्डा यथावकाश निघाला. त्या वेळी आमचे हे फावडं घेऊन आले आणि मी घमेली उचलली.

तुम्ही आज उठलात की आपल्या संडासाच्या चेंबरचं झाकण उचलून बघा. दोन्ही तोंडं उघडी दिसली, तर एक वीट आणि चिखलाचा गोळा एवढंच लागतं. झाकणावर तारीख लिहा, ऑइलपेंटने. काही अडलं तर गटाच्या बैठकीत विचारा, पुढच्या वेळी मी उत्तरं घेऊन येते. नमस्कार.